चालू इंजिन

नवरा हात उचलतो, असं कृतिकानं पुण्याला कळवलं, म्हणून बाबा गुडगावच्या नव्या फ्लॅटवर आले. आठवडाभर जावई लोण्याहून मऊ वागला. “उगाच बोभाटा केलास,” बाबा म्हणाले. रविवारी ओखल्याला यमुनेत जावयाच्या शिडाच्या होडीचं डिझेल इंजिन पुन्हा मध्येच तापलं. “कितीदा बंद करून तपासलं, बाबा, बिल्कुल काही सापडत नाही,” तो म्हणाला. बाबांनी इंजिन चालूच ठेवून होडीखाली हात घातला. थंडाव्यासाठी पाणी ओढणाऱ्या भोकाला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती. “इंजिन थांबलं की ओढ संपते, पिशवी सुटते. बंद करून पाहिलं, तर दोष दिसणार कसा?” “तुम्ही घरात असलात की हेही बंदच असतात, बाबा,” कृतिका हळूच म्हणाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओली पिशवी पिळून तिच्या हातात दिली. “घराची जादा किल्ली मला दे,” ते पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, “जावईबापू, मला संध्याकाळच्या गाडीला सोडाल ना?”