तहान कमी

मुलीचा ट्रक संध्याकाळी दारात लागला. केबिन झाडायला चढलो, तर पाण्याची बाटली सकाळी दिली तशीच भरलेली.

"प्यायली नाहीस, कस्तुरे?"

"वाटेत बाईला जायला जागा कुठंय, आबा? आईपण प्यायची नाही."

वीस वर्षं बायको गाडी चालवायची आणि मी शेजारी क्लीनर. मला वाटायचं, तिला तहानच कमी. गेल्या वर्षी किडन्या निकामी होऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुलीबरोबर निघालो. पहिल्याच ढाब्यावर उतरून मालकाला म्हणालो, "मुलीला तुमच्या घरातला संडास वापरू द्या."

"गिऱ्हाइकांना घरात घेत नाही, बाबा."

बायकोसाठी मी कधी मागितलंच नव्हतं. काउंटरसमोरून हललो नाही. शेवटी आतून त्याची बायको म्हणाली, "पाठवा तिला आत."