पेट्रोलची दुसरी नळी

गॅसची निळी टाकी डिकीत आडवी ठेवून भाऊरावने दोन पट्ट्यांनी अशी आवळली, की गाडी उलटली तरी टाकी जागची हलली नसती.

"बघा मावशी, देव्हाऱ्यातला देव हलेल, ही नाही."

स्टुलावर बसलेल्या सोनूबाईने मान डोलावली. घाटकोपरहून मरोळला भाऊरावच्या गॅरेजात ती याच फियाटमधून आली होती. चालवणाऱ्या तरुणाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली होती, "ह्यो पण माझो झिलच."

लवू तिचा पोटचा मुलगा. हायवेवरच्या शर्यतीत त्याची गाडी पेटली आणि तो आतच जळाला. त्या गाडीला वेगासाठी असाच गॅस भाऊरावनेच बसवला होता. गाडीत खोट नव्हती, असं त्याने पोलिसांना छातीठोक सांगितलं. मग दोष उरला शेजारून पळणाऱ्या गाडीचा. मुलुंडच्या जयवंतनेच धडक दिली असं ठरलं. त्याला सजा झाली. नुकताच तो सुटला होता.

"लवूक मारणाऱ्याक मी सोडूचंय नाय," सोनूबाई म्हणाली.

"सोडूच नका! कोण लागून गेला हा जयवंत? मी तर त्याचं थोबाडही पाहिलेलं नाही. शर्यतीत या गाडीमागे धूळ खाईल तो. दवाखान्यात गुंगी देतात ना, तोच हा गॅस. माणूस झोपतो, इंजिन मात्र पिसाळतं."

"आणि पेटलां तर?"

"कसं पेटेल? ही दुसरी नळी बघा. गॅस आत गेला की हिच्यातून जादा पेट्रोल जातं."

"काय? माका कमी ऐकाक येता. मोठ्यान सांग."

भाऊरावने आवाज चढवला. "जादा पेट्रोल! गॅसच्या जोडीला!"

"आणि ही नळी नसली तर?"

"तर इंजिन तापून पेटणार!"

"लवूच्या गाडयेत व्हती?"

"नव्हती! घाई होती त्याला! मागितली नाही, मी घातली नाही!"

समोरच्या दुकानातलं लेथ यंत्र थांबलं. टर्नर दादू दारात आला. चहा पिणारे दोघे ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले.

भाऊरावने मानेवरचा घाम पुसला. "म्हणजे... नळी नसल्याने तसं काय होतं म्हणा. धडक तर त्या जयवंतने दिली ना."

तरुणाने बॉनेट अलगद लावलं.

विषय बदलायला भाऊरावने रंगाचा डबा उघडला. "मागच्या काचेवर नाव घालून देतो मी. आपल्याकडची पद्धतच आहे. काय घालू मावशी? लवू?"

"तेका विचार. गाडी तेची."

भाऊरावने ब्रश रंगात बुडवला आणि तरुणाकडे पाहिलं.

"जयवंत," तो म्हणाला.