चुकीची हार्ड डिस्क

“बाबा, ऑफिसात दिवसभर तुम्ही काय दिवे लावता हो?” मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावलेला प्रश्न तिने दारातच टाकला. बाबा थकून हसले. लॅपटॉपची बॅग उतरवत म्हणाले, “यातच डोकं घालून बसतो, बाई. आजही मान आखडली.” ती खिदळत खोलीत पळाली. आईच्या बंद पडलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क तिने पंधरवड्यापूर्वी डेस्कटॉपमध्ये बसवली होती. जोडायची वायर आज मिळाली. पण पडद्यावर बाबांच्या फायली उघडल्या! दोन्ही लॅपटॉप सारखेच. घाईत बाबांचाच रिकामा झाला होता. डिस्कशिवाय तो सुरूही होत नाही, तरी बाबांना पत्ताच नव्हता. पहिलंच पत्र बाबांना नोकरीवरून काढल्याचं होतं. जेवताना आई म्हणाली, “किती राबवतात हो तुम्हाला!” बाबांनी पाण्याचा पेला उचलला. ती पटकन म्हणाली, “आई, बाबा, माझं ठरलंय. क्लास बंद! उद्यापासून दुपारी चारला बाबाच मला गणित शिकवणार.”