वरचे सूर

"पुढचा," ऑब्रेनं आतून हाक दिली.

बाहेर डॉटनं पुढची पट्टी दाबली. ऑब्रे नळ्यांच्या खोलीत फळीवर गुडघे टेकून बसला होता. मोठ्या नळ्या तपासून झाल्या होत्या. त्यांची थरथर जमिनीतून थेट मांडीपर्यंत येत होती, त्या तपासायला कानांची गरज नव्हती. मधल्याही झाल्या. भात्याचं चामडं बोटानं दाबून पाहिलं, मऊ होतं. भात्याची मोटर कुरकुर न करता फिरत होती. बंद पडलेल्या सिनेमा थिएटरातलं हे ऑर्गन डॉटच्या नवऱ्यानं, लेसनं, घरामागच्या शेडमध्ये आणून उभं केलं होतं आणि जिवापाड सांभाळलं होतं. आता राहिल्या होत्या सगळ्यात वरच्या, पेन्सिलीएवढ्या नळ्या.

त्या वाजत होत्या की नव्हत्या, ऑब्रेला कळत नव्हतं. ऐकू येत होती ती नुसती भात्याची हवा. नळ्या मुक्या होत्या की त्याचे कान गेले होते, एवढंच ठरवायचं होतं आणि तेच ठरत नव्हतं.

पहिल्या काही नळ्यांच्या तोंडाशी त्यानं तळहात धरला. हवा लागली. पण हवा लागली म्हणून नळी वाजतेच असं नाही. कचऱ्याचा कण अडकला तरी ती नुसती फुंकर मारत राहते, हे त्यानं जन्मभर लोकांना सांगितलं होतं. मग मागच्या ओळीपर्यंत हात पोचेना.

"ठीक," तो म्हणाला. "पुढचा."

हे काम नोलाचं होतं. कुठलंही ऑर्गन घेण्याआधी दोघं नवराबायको मिळून जायची. तो आत नळ्यांपाशी, ती बाहेर खुर्चीत डोळे मिटून. सूर लागला की तिचं बोट वर. नाही लागला की बोट खालीच, आणि "हा मेलाय" एवढे दोन शब्द. विकणारा समोर रडकुंडीला आला तरी तिचं बोट हलायचं नाही. मागच्या हिवाळ्यात नोला गेली.

"ठीक. पुढचा."

आज संध्याकाळच्या आत त्याच्या गावाला, वायकेरीला, फोन करायचा होता. हे ऑर्गन चांगलं निघालं तर गावच्या हॉलमध्ये बसवायचं, नाहीतर नोलानं ऑर्गनसाठी केक विकून विकून जमवलेला निधी क्रिकेट क्लबच्या छपराला द्यायचा, असं हॉलच्या समितीनं ठरवलं होतं. ऑर्गन पारखता येणारा गावात तो एकटाच.

"ठीक. पुढचा. हाही ठीक."

गुडघे दुखायला लागले तेव्हा तो बाहेर आला. पट्ट्यांसमोरचं बाक रिकामं होतं. डॉट शेडच्या कोपऱ्यातल्या सिंकपाशी कप विसळत होती.

"तुम्ही केव्हा उठलात?"

"झाला बराच वेळ. साखर किती घालू, म्हणून दोनदा ओरडून विचारलं. तुम्ही म्हणालात, ठीक, पुढचा." ती हसली नाही. "मग घातलीच नाही."

ऑब्रे टोपी काढून बाकावर बसला.

"ऐकू येत नाही तुम्हाला," डॉट म्हणाली.

"समोरचं बोलणं येतं. वरचे सूर येत नाहीत."

"गावाला ठाऊक आहे?"

"नाही."

"छान. म्हणजे आपण दोघंही बुडालो." तिनं कप त्याच्या हातात दिला. "सोमवारी घर नव्या माणसाच्या ताब्यात जाणार. त्याला इथे त्याची होडी ठेवायची आहे. भंगारवाला परवाच बघून गेला. म्हणतो, बाई, सगळ्या नळ्या चेपल्या की एका फेरीत जातील. लेसला काय सांगू मी? वृद्धाश्रमात त्याला भेटायला गेले की रोज एकच विचारतो, कुठल्या गावाला वाजणार आपलं ऑर्गन? पैसे नका देऊ. फुकट न्या. पण अख्खं न्या हो."

"किमतीचं कोण बोलतंय, डॉट! हलवण्या-बसवण्यातच सगळा निधी संपणार. आणि मग हॉलमध्ये सगळ्यांसमोर ते वरच्या सुरांत मुकं निघालं तर?"

 भात्याची मोटर फिरतच होती.

"तुम्ही ऐका," ऑब्रे म्हणाला. "पट्ट्या मी दाबतो. दारात उभ्या राहा. सूर लागला की बोट वर करा."

"विकणारीच्या कानांनी पारखणार?"

"दुसरे कान कुठून आणू?"

डॉट नळ्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. ऑब्रेनं वरच्या पट्ट्यांपैकी पहिली दाबली. बोट वर गेलं. दुसरी दाबली. वर. तिसरी. वर. शाळेतल्या हुशार मुलीसारखं बोट झटकन, सरळ वर जात होतं. एकदाही खाली राहिलं नाही. इतकं जुनं ऑर्गन, आणि वरच्या ओळीत एकही नळी मेलेली नाही, असं ऑब्रेनं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं पुढच्या पट्टीवर बोट नेलं आणि दाबलं नाही. तसाच थांबला.

डॉटचं बोट वर गेलं.

ते वरच राहिलं. तिचे खांदे आवळलेले होते. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ऑब्रे त्या बोटाकडे बघत राहिला. तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

ऑर्गनची पट्टी कितीही जोरानं दाबली तरी सूर तेवढाच लागतो, हे ठाऊक असूनही त्यानं पुढची पट्टी अंगाचा सगळा भार टाकून दाबली.