रेषेबाहेरचा माणूस

“साहेब, माणसं वाचवणं जमलं नाही ते नाही, पण मेलेली माणसंसुद्धा तुम्ही लपवलीत!”

इतिहासाच्या तिरोडकरबाई उभ्या राहिल्या तसा महासाथीवरचा परिसंवाद थिजला. पहिल्या रांगेतल्या, साथीच्या काळात जिल्ह्याचं आरोग्य खातं सांभाळणाऱ्या साहेबांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. पडद्यावर संख्याशास्त्राच्या ढवळेसरांनी काढलेला मृत्यूंचा आलेख होता.

“बाई, चाचणी झाली नसेल तर तो मृत्यू साथीत धरायचा नाही, असा वरून आदेश होता,” ढवळेसर चाचरले.

“माझा नवरा दवाखान्याच्या दारात, रिक्षात गेला. चाचणीला आत घेतलं कुणी? उद्या माझेच विद्यार्थी तुमची ही रेषा पुरावा मानतील आणि तो साथीत गेलाच नाही म्हणतील!”

“हा परिसंवाद आहे बाई, शोकसभा नव्हे,” अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले.

आता आपल्याला खाली बसवणार, असं बाईंना वाटलं. पण ढवळेसरांनी पडदा गुंडाळला, मागच्या फळ्यावर तीच रेषा काढली आणि खडू साहेबांपुढे धरला.

“आदेश तुमचाच होता ना, साहेब? मग उठा आणि बाईंचे यजमान कुठं मांडायचे, ते दाखवा.”