सरळ जोडणी

"हे म्युझियमला द्या, ताई," कुलदीप म्हणाला आणि काउंटरवरचा कंट्रोलर त्याने पेनच्या टोकाने बाजूला सारला.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या टीव्ही-गेमचा कंट्रोलर होता तो. पिवळा पडलेला, सुक्या मासळीचा वास येणारा. तो रविवारी नव्या मशीनला लागावा, एवढंच किशोरीला हवं होतं. रविवारची स्पर्धा कुलदीपच्याच गेमच्या दुकानाची होती. खेळ जुने, मशीन नवं, कंट्रोलर ज्याचा त्याने आणायचा. खेळणार होता तिचा भाऊ गणराज.

"दोन वर्षं घराबाहेर न्हाय पडला तो," ती म्हणाली. "आता कुठं व्हय म्हनलाय. पण खेळीन तर याच्यावरच, म्हनतो."

बहीण रेवदंड्याहून मासळीची टोपली घेऊन अलिबागला येते आणि चाळिशीचा भाऊ घरात बसून गेम खेळतो. अशी माणसं कुलदीपला नवी नव्हती. अडॅप्टर लागेल, आणि रविवारी स्पर्धेच्या हॉलवरच तयार मिळेल, असं त्याने सांगितलं.

"उघडू नका मात्र. जसा हाय तसाच ऱ्हाऊ द्या. त्याचं असं हाय, भाऊ..."

कुलदीपने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहून मान हलवली. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

अडॅप्टर लावून त्याने कंट्रोलर तपासला. डावीकडची दिशांची फुली चालत होती. उजवीकडची दोन्ही बटणं मेलेली. त्याने स्क्रू काढले आणि त्याला हसू आलं. उजव्या बटणांच्या वायरी कुणीतरी कापून, लांबवून, डाव्या कोपऱ्यात नेल्या होत्या. तिथे पाठीला भोकं पाडून दरवाजाच्या बेलची दोन बटणं बसवली होती. वायरींना सोल्डरिंगचे डाग दिलेले मात्र नेटके. गाढवाने नेटकं काम केलं म्हणून ते शहाणपणाचं होत नाही, असं तो शेजारच्या रतनला म्हणाला. "आपल्याकडे माणसाला बिघडवता येतं, फक्त सर्किटचा नकाशा वाचता येत नाही."

त्याने कंपनीचा नकाशा काढला आणि सगळं त्याप्रमाणे जोडलं. बेलची बटणं उपटून कचऱ्यात टाकली, भोकं बुजवली, वरून घासून कंट्रोलर पांढरा केला. फुकट. अडाण्यांवर उपकार करायला त्याला आवडत असे.

रविवारी हॉल भरला होता. गणराज बहिणीच्या मागून आला, कुणाकडे न बघता भिंतीलगतच्या खुर्चीवर बसला. नाव पुकारल्यावर कुलदीपने कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, सगळी जोडणी सरळ करून दिलीय. आता हरलात तर कंट्रोलरला नावं ठेवू नका."

खेळ सुरू झाला. गणराजचा खेळाडू नुसता पुढे-मागे चालत राहिला. त्याची डावी बोटं कंट्रोलरच्या पाठीवर काहीतरी चाचपत होती. समोरच्याने दोन मिनिटांत त्याला आडवा केला. मागून कुणी शिट्टी मारली.

"अहो, बटणं दाबा की," कुलदीप हसत म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

लोक हसले. किशोरी हसणाऱ्यांकडे नाही, कुलदीपकडे बघत होती.

"उजव्या हाताने, दादा," दाखवायला तो भिंतीच्या बाजूने खाली वाकला.

गणराजच्या शर्टाची उजवी बाही कोपरापाशी दुमडून सेफ्टी पिनने बंद केली होती.