सारवलेला रस्ता

“हा सरकारी रस्ता आहे बाई, तुमच्या घरचं अंगण नव्हे! उद्या इथं घाण दिसली, तर परवाना विसरा,” असं सोला हॅटवाला नवा इन्स्पेक्टर करवंदं विकणाऱ्या झुंबरबाईला बजावून गेला. झुंबरबाईनं पदर खोचला. दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारच्या मदिनाला हाताशी धरून तिनं लोणावळ्याच्या बाजारातला तेवढा रस्ता झाडला, शेणानं सारवला आणि वर ठसठशीत रांगोळी काढली. दोघी टोपल्या मांडून पलीकडं बसल्या. चूक काढायचीच ठरवून इन्स्पेक्टर बूट वाजवत आला. पण सारवलेल्या जमिनीवर बूट घालून जायचं नाही, या आईच्या धाकात वाढलेला त्याचा पाय सारवणाच्या कडेलाच उचलला तसाच राहिला. “या की सायेब, आत या,” झुंबरबाई म्हणाली. इन्स्पेक्टर घुटमळला, मग मुकाट्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. “मदिने, द्रोण भर,” झुंबरबाई हसू दाबत पुटपुटली. “परवाना मिळाला. सायेब अंगणात आला!”